वजनाचं औषध झोपेच्या आजाराला कसं लागू पडलं?

20 डिसेंबर 2024 रोजी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, टिर्झेपॅटाइड नावाच्या औषधाला एक नवी मान्यता दिली. आठवड्यातून एकदा घ्यायचं हे इंजेक्शन तोवर मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी ठाऊक होतं. नवी मान्यता मात्र झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी होती, आणि या आजारावर मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. बातमी वाचून पुष्कळांना प्रश्न पडला, भूक कमी करणाऱ्या औषधाचा झोपेशी काय संबंध? त्याच वर्षी जानेवारीत एफडीएने याच जातकुळीतल्या औषधांबद्दल एक वेगळाच खुलासा केला होता. ही औषधं घेणाऱ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का, याची तपासणी चालू होती. औषधामुळे तसं होतं याचा पुरावा प्राथमिक पाहणीत मिळाला नाही, पण अगदी लहानसा धोकाही नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नसल्याने लक्ष ठेवणं चालू राहिलं.

म्हणजे एकाच औषधाच्या पत्रिकेत वजन, झोप आणि मन अशी तीन घरं एकत्र आली. हा योगायोग नाही. स्थूलपणा, झोपेचे विकार आणि नैराश्य किंवा चिंतेसारखे मनाचे आजार एकाच माणसात एकत्र दिसण्याचं प्रमाण नुसत्या योगायोगाने दिसेल त्याहून बरंच जास्त आहे. आपण मात्र त्यांच्यासाठी वेगवेगळ्या दारांत जातो. वजनासाठी आहारतज्ज्ञ, मनासाठी मानसोपचारतज्ज्ञ. आणि झोपेसाठी? बहुतेक वेळा कुणीच नाही. तिन्ही भावंडांतलं हे सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून या लेखात मी त्याची बाजू थोडी जास्त घेणार आहे.

‘पाठ टेकली की झोप लागते’

झोप कशी लागते, असं विचारलं की श्वास अडण्याचा आजार असलेला माणूस बहुधा कौतुकानेच सांगतो, "पाठ टेकली की लागते." घरचे दुजोरा देतात, "मग काय, लगेच घोरायला सुरुवात." ऐकणाऱ्याला वाटतं, काय सुखी माणूस आहे! पण बरेच दिवसांचा उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो, तसा झोपेचा उपाशी माणूस उशीवर तुटून पडतो. ते सुखाचं लक्षण नसून उपासमारीचं असू शकतं.

या आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार घशाशी संबंधित आहे. नाकामागून घशात उतरणारी हवेची वाट हाडाची नसते, ती मऊ मांसाची नळी असते. जागेपणी स्नायू तिला ताणून उघडी ठेवतात, झोपेत ते सैलावतात. कागदाची स्ट्रॉ भिजून मऊ पडली आणि आपण जोरात ओढलं की ती आतल्या आत चिकटते. इथेही तसंच होतं. वाट अरुंद झाली की हवा जाताना कंप सुटतो, तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पुरतीच मिटली की श्वास थांबतो. असा खंड किमान 10 सेकंदांचा असेल तर तो मोजणीत धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच उथळ होण्याचे प्रसंगही मोजतात. तासाला असे 5 ते 15 प्रसंग असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि 30 च्या पुढे गेले तर तीव्र.

तीव्र म्हणजे काय ते हिशेबाने पाहा. तासाला 30, म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. दर वेळी रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकतो आणि घशाचे स्नायू पुन्हा ताणण्यापुरता जागा होतो. ही जाग इतकी थोडकी असते की सकाळी तिची आठवणही नसते. कुणी रात्रभर दर दोन मिनिटांनी तुमचं पांघरूण ओढलं आणि सकाळी म्हटलं, "आठ तास झोपलात की!", तर कसं वाटेल? घड्याळाने आठ तास मोजले, पण शरीराच्या पदरात तेवढी झोप पडलीच नाही.

आता यात वजन कुठे आलं? चरबी फक्त पोटावर आणि कमरेवर साठते असं आपण धरून चालतो. ती गळ्याभोवती साठते आणि जिभेतही साठते. 2020 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या रुग्णांचे एमआरआय काढले. श्वास अडण्याचं प्रमाण कमी होण्यात सर्वांत मोठा वाटा जिभेतली चरबी घटण्याचा होता. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण आरशात बघून जिभेच्या चरबीचा अंदाज कुणालाच येत नाही. शिवाय आडवं झाल्यावर पोटाचा भार छातीकडे सरकतो, फुप्फुसं पुरती फुगत नाहीत आणि घशाच्या नळीला खालून मिळणारा ताण कमी होतो. विस्कॉन्सिनमध्ये लोकांचा काही वर्षं पाठपुरावा करून 2000 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 10 टक्के वजनवाढीमागे श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि 10 टक्के घटीमागे सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेलं.

इंजेक्शनचं कोडं इथे सुटतं. टिर्झेपॅटाइडच्या चाचण्यांत भाग घेतलेल्यांचा श्वास सुरुवातीला तासाला सरासरी 50 वेळा अडत होता. वर्षभरात वजन 18 ते 20 टक्के उतरलं आणि श्वास अडण्याचे प्रसंग तासाला सरासरी 25 ते 29 ने घटले. ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं त्यांच्यात ही घट 5 च्या आसपास होती. थोडक्यात, हे झोपेचं औषध नाही. त्याने घशातली अडगळ कमी केली.

2019 च्या एका जागतिक अंदाजानुसार 30 ते 69 या वयातल्या सुमारे 93 कोटी 60 लाख लोकांना सौम्य ते तीव्र स्वरूपाचा हा आजार आहे. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

झोप मोडली की भूक का चाळवते

इथवर वजनाने झोप बिघडवली. आता उलटा प्रवास.

शरीराचा चरबीचा साठा किती आहे, हे मेंदूला कळवणारं एक संप्रेरक आहे, लेप्टिन. ते 1994 साली सापडलं. पाच वर्षांनी जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडलं. ते मुख्यतः जठरातून येतं आणि भुकेची घंटा वाजवतं. लेप्टिन म्हणजे गाडीतला इंधनाचा काटा आणि घ्रेलिन म्हणजे "आता भरा" म्हणून पेटणारा दिवा, असं समजा. 2004 मध्ये शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं, आणि वेगळ्या दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन 18 टक्क्यांनी घसरलेलं होतं, घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलेलं होतं आणि तरुण स्वतःहून सांगत होते की भूक जास्त लागते आहे. टाकी तेवढीच भरलेली, पण काटा खोटं बोलायला लागला.

बारा जणांवरून जगाचं गणित मांडू नये, हे खरंच. नंतरच्या प्रयोगांत या दोन संप्रेरकांचे आकडे दर वेळी इतके नेटके आलेही नाहीत. म्हणून मला 2022 चा एक अभ्यास जास्त वजनदार वाटतो. त्यात वजन जास्त असलेले आणि रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे 80 जण होते. त्यांना प्रयोगशाळेत कोंडलं नाही. ते आपापल्या घरी राहिले, हवं ते खात राहिले. त्यांतल्या निम्म्यांना फक्त झोपेच्या सवयींबद्दल एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांची झोप रोज सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि दोन आठवड्यांत त्यांचं खाणं दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी कमी झालं. खाण्याबद्दल त्यांना कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

भुकेपलीकडची एक गोष्ट म्हणजे हाव. आपलं शरीर स्वतःच गांजासारखं काम करणारी काही रसायनं बनवतं. त्यांच्यामुळे खाण्यातली मजा वाढते. झोप तोडल्यावर यातल्या एका रसायनाची पातळी दुपारनंतर चढते आणि रात्रीपर्यंत चढलेली राहते, असं 2016 मध्ये दिसलं. पोट भरलेलं असतानाही संध्याकाळी डबे उघडून बघणाऱ्या माणसाला आपण ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणतो. तो ताबा काल रात्रीच निसटलेला असू शकतो.

स्थूल माणसाच्या बाबतीत एक गंमत आहे, खरं तर गंमत कसली. त्याच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं, कारण ते चरबीतूनच येतं. पण घरासमोर दिवसभर भोंगा वाजत राहिला तर काही दिवसांनी आपल्याला तो ऐकूच येईनासा होतो. तसा मेंदू लेप्टिनला बहिरा होतो. साठा भरलेला असूनही मेंदूला टंचाई भासत राहते. अशा माणसाला "थोडं कमी खा" सांगणं म्हणजे ज्याला तहान लागल्यासारखी सतत वाटते त्याला पाण्याकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे.

रात्रीची झोप, दिवसाचं मन

झोप नीट झाली नाही की माणूस चिडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण ते चिडणं मेंदूत दिसतं कसं, हे 2007 च्या एका प्रयोगात कळलं. सुमारे 35 तास जागे ठेवलेल्या लोकांना मन विचलित करणारी चित्रं दाखवली. भीती आणि धोका ओळखणारा मेंदूचा बदामाएवढा भाग, अमिग्डला, नीट झोपलेल्यांपेक्षा 60 टक्के जास्त उसळला. त्याला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्कही ढिला पडला होता. घोडा तोच, पण लगाम सुटलेला.

एका रात्रीचं हे, मग महिनोन्‌महिने? निद्रानाश म्हणजे संधी असूनही झोप न लागणं, मधेच मोडणं किंवा फार लवकर उडणं, आणि त्याचा दिवसावर परिणाम होणं. हे आठवड्यात तीन रात्री आणि तीन महिने चाललं की त्याला जुनाट म्हणतात. नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट असते, असं 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसलं.

पूर्वी डॉक्टरही निद्रानाशाकडे मनाच्या आजाराचं शेपूट म्हणून बघत. मन सुधारलं की झोप आपोआप येईल, असा विश्वास होता. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या 3,755 विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. निद्रानाश असलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना ऑनलाइन पद्धतीने झोपेचे उपचार दिले. झोप सुधारलीच; शिवाय विनाकारण संशय येणं, भास होणं, नैराश्य आणि चिंता हेही कमी झालं. उपचार मनावर केलेच नव्हते. शेपूट ओढलं आणि अख्खं जनावर हललं, तर ते शेपूट होतं असं कसं म्हणायचं?

याहून मोठा घोटाळा म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया नैराश्याचा हुबेहूब वेष घेतो. सतत थकवा, कशात रस नाही, लक्ष लागत नाही, विसरायला होतं, चिडचिड, लैंगिक इच्छा कमी. ही यादी वाचून कुणीही म्हणेल, हे नैराश्य. तशा गोळ्या सुरू होतात आणि महिने गेले तरी फरक पडत नाही. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं. त्यांच्यात घोरण्याची तक्रार मागे राहते आणि थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं पुढे येतं. हा जाड्या पुरुषांचा आजार अशी प्रतिमा असल्याने कुणाच्या डोक्यात तो येतही नाही. लहान मुलांत तर चित्र उलटंच. वाढलेल्या टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडणारं मूल पेंगण्याऐवजी दिवसभर उड्या मारतं, आणि ‘फार चंचल आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

वजन आणि मन: कोण कुणाला ओढतं?

2010 मध्ये एका गटाने 15 अभ्यासांतल्या सुमारे 58 हजार लोकांची माहिती एकत्र केली. या सगळ्या अभ्यासांत लोकांचा पुढे काही काळ पाठपुरावा केलेला होता, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे कळत होतं. सुरुवातीला स्थूल असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका 55 टक्क्यांनी जास्त निघाला. आणि सुरुवातीला नैराश्य असलेले पुढे स्थूल होण्याची शक्यता 58 टक्क्यांनी जास्त. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की रस्सीखेचीत कोण जिंकतंय ते सांगता येऊ नये.

जैविक दुवे अनेक आहेत. चरबी हे नुसतं कोठार नसून रसायनं सोडणारा अवयव आहे. तिच्यातून निघणारी काही द्रव्यं शरीरात मंद आंच धुमसत ठेवतात, डॉक्टर याला सौम्य दाह म्हणतात, आणि नैराश्याच्या काही रुग्णांतही तशाच खुणा सापडतात. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं. ते गोड-तेलकट खाण्याची ओढ वाढवतं आणि चरबी पोटाकडे वळवतं. नैराश्याचेही प्रकार आहेत. एकात भूक मरते, वजन उतरतं आणि पहाटे जाग येते. दुसऱ्यात भूक वाढते, झोप वाढते, हातपाय शिशासारखे जड होतात. वजन वाढतं ते बहुधा दुसऱ्यात. खाण्याचे स्वतंत्र विकारही आहेत. दिवसभर भूक नाही आणि रात्री जेवणानंतर, कधी झोपेतून उठूनही खाणं, याचं वर्णन 1955 सालीच झालेलं आहे. ताबा सुटल्यासारखं थोड्या वेळात खूप खाणं आणि नंतर लाजेने खचणं, याला 2013 मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळालं. याला खादाडपणा म्हणून हसणं सोपं असतं.

हसण्यावरून आठवलं. 2019 मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे लोकांच्या आरोग्याच्या आणि जनुकांच्या नोंदींच्या मोठ्या साठ्यातल्या, माहितीवर जनुकांच्या आधारे एक अभ्यास झाला. काही जनुकं वजन वाढवतात पण मधुमेहासारख्या आजारांपासून बचावही करतात. अशी जनुकं असलेल्यांतही वजनाबरोबर नैराश्याची शक्यता वाढलेली दिसली. शरीरातली रासायनिक गडबड फारशी नसतानाही मन खचतं, तर त्याचं कारण शरीराबाहेर शोधायला हवं. टोमणे, टोपणनावं, नोकरीच्या मुलाखतीतली ती नजर, कानदुखीसाठी गेलं तरी "आधी वजन कमी करा" म्हणणारे डॉक्टर. लाजवल्याने माणूस बारीक होतो असा अनेकांचा प्रामाणिक समज आहे. संशोधन उलट सांगतं. वजनावरून हिणवले गेलेले लोक जास्त खातात, व्यायामाच्या जागा टाळतात आणि डॉक्टरांची पायरी चढायचंच सोडतात.

मनाच्या गोळ्यांनी वजन वाढतं, हे खरं का?

काहींनी वाढतं, आणि हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. ओलांझापिन आणि क्लोझापिन यात सर्वांत पुढे. क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट, लिथियम, मिर्टाझापिन यांनीही वाढू शकतं. अ‍ॅरिपिप्राझोलने त्या मानाने कमी वाढतं. नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनने सहसा वाढत नाही, थोडं उतरूही शकतं. म्हणजे पर्याय असतात. पण या यादीवरून कुणी उद्या स्वतःच गोळी बंद करू नये. अचानक तोडलेल्या औषधाने मूळ आजार उसळून आला तर ते वाढलेल्या वजनापेक्षा कितीतरी महागात पडतं. औषध सुरू करतानाच वजन, कंबर आणि रक्तशर्करा नोंदवून ठेवायची आणि पहिल्या काही आठवड्यांतच वाढ दिसली तर डॉक्टरांशी बोलायचं, हा शहाणा मार्ग. वाढ झाल्यावर दोन वर्षांनी बोलण्यात अर्थ थोडा उरतो.

"पण शेवटी खाणं कमी आणि चालणं जास्त, एवढंच ना?"

हा आक्षेप घेणारे चुकीचं बोलत नाहीत, अर्धंच बोलतात. ऊर्जेचा जमाखर्च कुणालाच चुकत नाही. पण त्या जमाखर्चात झोप कशी ढवळाढवळ करते ते 2010 च्या एका छोट्या प्रयोगात दिसतं. वजन जास्त असलेल्या 10 जणांना दोन आठवडे सारखंच मोजून-मापून कमी जेवण दिलं. एकदा साडेआठ तास झोपायची मुभा देऊन आणि एकदा साडेपाच तास. काट्यावर वजन दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच, तीन किलोच्या आसपास उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6 किलो. बाकीचं बहुतेक स्नायूंसारख्या, शरीराला हव्या असलेल्या भागातून गेलं. काटा खूश, शरीर तोट्यात.

आणि चालणं? ज्याचा प्राणवायू रात्रभर दर दोन मिनिटांनी खाली येतो, त्याला पहाटे पाचला उठून चालायला सांगणं सोपं आहे. ते त्याला जमत नाही तेव्हा त्याचं खापर त्याच्या आळसावर फुटतं.

मग आधी कशाला हात घालायचा?

गुंता झालेल्या दोऱ्यात पहिली गाठ कुठे पडली हे शोधत कुणी बसत नाही. जे टोक सैल मिळतं ते धरतो. एखाद्याचं चक्र रात्रपाळीने सुरू होतं, एखादीचं बाळंतपणानंतरच्या उदासीनं, कुणाचं पाय मोडून सहा महिने पडून राहिल्याने. आत शिरायची वाट निराळी, आतलं रिंगण तेच. म्हणून उपचारही सगळ्यांना एकाच क्रमाने लागू होत नाहीत. मनात जगणं नकोसं वाटण्याचे विचार असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचार, आणि तेही आजच. तसं नसेल तर झोपेचं टोक बऱ्याचदा सैल सापडतं, कारण तिथे निदान पक्कं करता येतं आणि उपचाराचा गुण काही आठवड्यांत दिसतो.

स्लीप अ‍ॅप्नियाचा जुना आणि भरवशाचा उपचार म्हणजे सीपॅप यंत्र. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी ते तयार केलं आणि 1981 मध्ये त्याबद्दलचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. नाकावरच्या मास्कमधून हलक्या दाबाने हवा येत राहते आणि घशाची नळी मिटू देत नाही. फुगा फुगलेला राहतो तशी. अडचण एकच, ते रोज लावावं लागतं. कपाटात ठेवलेल्या यंत्राचा गुण येत नाही.

आता माझ्याच बाजूविरुद्धची एक साक्ष. सीपॅप लावलं की वजन आपसूक उतरेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. अनेक चाचण्या एकत्र केल्या तेव्हा सीपॅप वापरणाऱ्यांचं वजन सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास वाढलेलं निघालं. एक तर्क असा की रात्रभर श्वासाशी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जा आता वाचते. यंत्राने दिवसाची पेंग जाते, गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका घटतो, बऱ्याच जणांचं मनही हलकं होतं; पण वजनासाठी वेगळे कष्ट घ्यावेच लागतात. फरक इतकाच की आता ते घ्यायची ताकद असते. उलट बाजूनेही तेच. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेने बहुतेकांचा श्वास अडणं बरंच कमी होतं, पण काहींचं उरतंच, म्हणून नंतर पुन्हा तपासणी हवी. त्यांच्या मनाकडेही लक्ष हवं, कारण सुरुवातीचा आनंद ओसरल्यावर काही जण खचतात.

"झोपेची गोळी घेतली की संपलं ना?"

इथेच खरा खड्डा आहे. स्थूल, उदास, रात्री सारखी जाग येणारा माणूस, "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या" म्हणतो. झोपेच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या, म्हणजे बेंझोडायझेपिन, स्नायू सैल करतात आणि मेंदूचं दचकणं बोथट करतात. ज्या दचकण्याने श्वास पुन्हा सुरू होत होता तेच मंद झालं तर? दारूचं तेच. ‘दोन घोट घेतले की छान झोप लागते’ म्हणणाऱ्याचा घसा आणखी सैलावतो आणि रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो. म्हणून घोरणाऱ्या माणसाने झोपेची गोळी मागण्याआधी घोरण्याची तपासणी करून घ्यावी.

निव्वळ निद्रानाश असेल तर पहिली निवड गोळी नसावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्येच सांगितलं आहे. त्याऐवजी आहे निद्रानाशासाठीची बोलीउपचारपद्धती, सीबीटी-आय. नाव अवघड, युक्ती साधी आणि जरा उफराटी: अंथरुणातला वेळ सुरुवातीला कमी करायचा. आठ तास लोळून पाच तास झोपणाऱ्याने काही दिवस साडेपाच तासच अंथरुणात राहायचं, झोप आली तरच पडायचं, आली नाही तर उठायचं, आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची. झोपेची भूक साठली की झोप घट्ट होते, मग वेळ हळूहळू वाढवायची. पहिला आठवडा जड जातो. ज्यांना द्विध्रुवीय विकार (बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी) आहे किंवा फिट येतात त्यांनी हे स्वतःहून करू नये, कारण झोप कापल्याने त्यांचा आजार उसळू शकतो.

बारीक माणसं सुटली का?

नाही. जबड्याची ठेवण, मागे गेलेली हनुवटी, मोठे टॉन्सिल, वाढतं वय यांमुळे सडपातळ माणसालाही स्लीप अ‍ॅप्निया होतो. आशियाई लोकांत तो तुलनेने कमी वजनातही दिसतो. वजनाची रेषाही सगळ्यांना सारखी नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की येणारा बीएमआय 25 च्या पुढे गेला तर जास्त वजन आणि 30 च्या पुढे गेला तर स्थूलपणा, हे जगभरचं माप. पण आशियाई लोकांसाठी 23 पासूनच सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2004 मध्ये सुचवलं. आणि उलटही खरं: प्रत्येक स्थूल माणूस घोरत नाही, प्रत्येक जण उदास नसतो. धोका वाढतो म्हणजे नशीब ठरतं असं नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं

कॅनडात तयार झालेली आठ प्रश्नांची एक यादी जगभर वापरली जाते. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा किंवा पेंग असते का? झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का? रक्तदाब आहे का? बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळ्याचा घेर साधारण 40 सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का? तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर झोपेची तपासणी करून घेण्याजोगी आहे. आता ती पुष्कळदा घरीच, बोटाला आणि नाकाला लावायच्या छोट्या यंत्राने होते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला कधीच देता येत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याकडे असतं, आणि तो बहुधा दुसऱ्या खोलीत झोपायला गेलेला असतो. त्याला एका रात्रीपुरतं परत बोलवा, मोबाइलवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायला सांगा: घोरणं, मग शांतता, मग धापा टाकत घेतलेला श्वास. सोबत आठवड्याची साधी नोंद ठेवा, कधी पडलात, कधी उठलात, दिवसा कुठे डुलकी लागली, रात्री जेवणानंतर काय खाल्लं, मन कसं होतं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या कोणत्या. कागद एकच, पण त्याच्या प्रती तीन काढा. आहारतज्ज्ञांना एक, फॅमिली डॉक्टरांना एक, मानसोपचारतज्ज्ञांना एक. आणि रेकॉर्डिंग तिघांनाही ऐकवा.